लेझरपूर्वीचा कॉर्नियाचा नकाशा रुग्णाच्या हाती द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत बसणारी कितीतरी मुले चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेझर करून घेतात. माझ्या मुलानेही बाविसाव्या वर्षी लॅसिक करून घेतले. दोन वर्षे सारे उत्तम होते. मग एका रात्री लक्ष्मी रस्त्यावरून येताना तो म्हणाला, "बाबा, प्रत्येक दिव्याला शेपूट दिसतंय." पुढच्या वर्षभरात नंबर तीनदा बदलला आणि निदान झाले ते एक्टेशियाचे, म्हणजे लेझरने पातळ झालेला कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) डोळ्यातील दाबापुढे टिकत नाही आणि हळूहळू पुढे फुगतो.

हा विकार विरळ आहे आणि बहुतेकांना या शस्त्रक्रियेचा लाभच होतो, हे मी मानतो. मात्र तो अनोळखी नाही. १९९८ सालापासून वैद्यकीय नियतकालिकांत त्याच्या नोंदी आहेत. कॉर्नियाची मध्यभागी जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, जेमतेम अर्धा मिलिमीटर. वरचा पापुद्रा उचलून आतला भाग लेझरने घटवल्यावर खाली निदान २५० मायक्रॉन उरावेत, असा जुना संकेत आहे. पण कॉर्नियात सुप्त शंकूपणा, म्हणजे शंकूसारखे पुढे येण्याचा छुपा कल असेल, तर एवढी जाडी राखूनही तो ढासळू शकतो, आणि हा दोष बहुधा टोपोग्राफीच्या, म्हणजे कॉर्नियाचा आकार मोजणाऱ्या तपासणीच्या, रंगीत नकाशातच दिसतो. त्या तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर नकाशाच फसवा येतो. माझ्या मुलाला हे कोणी सांगितले नव्हते. आदल्या संध्याकाळपर्यंत त्याच्या डोळ्यांत लेन्स होत्या. संमतिपत्र इंग्रजीत होते, आणि बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर, अक्षरे पुसट दिसत असताना, त्याने त्यावर सही केली.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी जुना नकाशा मागितला, तेव्हा त्या केंद्राने नोंद सापडत नसल्याचे सांगितले. क्रॉस-लिंकिंग या कॉर्निया घट्ट करणाऱ्या उपचाराने फुगणे थांबले आहे, पण गेलेली स्पष्टता त्याने परत येत नाही. आता तो कडक लेन्स लावून वाचतो.

म्हणून विनंती आहे की, राज्यातील प्रत्येक लेझर केंद्राला शस्त्रक्रियेपूर्वीचा नकाशा, जाडी आणि नंतर उरणारी जाडी रुग्णाला छापील देणे बंधनकारक करावे; मराठी संमतिपत्र किमान एक दिवस आधी घरी वाचायला द्यावे; आणि एक्टेशियाचा प्रत्येक रुग्ण, तो कितीही वर्षांनी आढळला तरी, आरोग्य विभागाकडे नोंदवला जावा.

आपला,
एक पालक, पुणे