स्वाक्षरी पत्रापासून तोडू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुन्या नाण्यांच्या आणि टपाल तिकिटांच्या प्रदर्शनांत अलीकडे नामवंतांच्या स्वाक्षऱ्याही मांडल्या जातात. त्यांत ख्रिस्ती धर्मपुढाऱ्यांच्या, म्हणजे पोप, बिशप, मिशनरी आणि संतपदाला पोहोचलेल्या व्यक्तींच्या स्वाक्षऱ्यांभोवती चांगली गर्दी असते. यांतल्या कित्येक स्वाक्षऱ्या मूळ पत्राच्या तळातून कात्रीने कापून घेतलेल्या असतात. शेजारी त्या व्यक्तीचे छायाचित्र आणि चार ओळींचे चरित्र चिकटवलेले असते. पण पत्र कोणाला, कोठून, कोणत्या तारखेला आणि कशासाठी लिहिले होते, याचा त्या चौकटीत पत्ता नसतो. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील संग्राहकांमध्ये ही खोड फार वाढली होती आणि तिच्यापायी असंख्य पत्रांची वाट लागली. ती आपल्याकडे रुजू नये, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

स्वाक्षरीच्या वळणावरून स्वभाव ओळखण्यावर माझा विश्वास नाही. स्वाक्षरी बोलते ती वरच्या मजकुरामुळे आणि तारखेमुळे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे उदाहरण घ्यावे. त्याच्या घराण्याचे आडनाव लुडर असे होते. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने माइन्झच्या आर्चबिशप आल्ब्रेख्त यांना पापमुक्तिपत्रांच्या, म्हणजे पापांची शिक्षा माफ झाल्याच्या चर्चच्या दाखल्यांच्या, विक्रीविरुद्ध जे पत्र लिहिले, त्याखाली मात्र त्याने 'ल्यूथर' अशी सही केली. पुढे काही काळ मित्रांना लिहिताना तो 'एलेउथेरियस' हे ग्रीक वळणाचे नावही वापरत असे. आर्चबिशपांना लिहिलेले ते पत्र आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. मजकूर, तारीख आणि सही एकाच कागदावर राहिल्यामुळेच, ज्या दिवशी त्या मनुष्याने एवढ्या मोठ्या धर्माधिकाऱ्याला जाब विचारला त्याच दिवशी तो नव्या नावाने उभा राहिला, हे आपल्याला ठामपणे सांगता येते. कोणी हौशी माणसाने तेवढेच नाव कापून नेले असते, तर उरले असते केवळ एक प्रसिद्ध नाव.

ख्रिस्ती परंपरेत स्वहस्ताक्षराचे महत्त्व अगदी आरंभापासून आहे. संत पौल आपली पत्रे लेखनिकाकडून लिहवून घेत असे. रोमकरांस पाठवलेल्या पत्रात तर्तिय नावाच्या लेखनिकाने शेवटी स्वतःचा नमस्कारही घातला आहे. गलतीकरांस लिहिताना, आपण केवढ्या मोठ्या अक्षरांत स्वतःच्या हाताने लिहीत आहोत ते पाहा, असे पौल म्हणतो. आणि थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, स्वहस्ते लिहिलेला नमस्कार हीच आपल्या प्रत्येक पत्राची खूण असल्याचे सांगितले आहे. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. कारकुनाच्या हातचा मजकूर आणि अखेरीस मोर्तब ही आपल्या दप्तरांतील पद्धत सर्वांना ठाऊक आहे, आणि शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा असते. ती मुद्रा कापून भिंतीवर लावावी आणि पत्र रद्दीत टाकावे, असे पुण्यातील कोणी सुचवले, तर त्याला काय ऐकून घ्यावे लागेल? ख्रिस्ती धर्मपुढाऱ्यांच्या कागदांना आपण तोच न्याय लावत नाही, याचे मला वाईट वाटते.

पंडिता रमाबाईंच्या पत्रांकडे पाहिले म्हणजे या हानीचा अंदाज येतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंचा आणि त्यांची लहान मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला आणि रमाबाईंना 'मेरी रमा' हे नाव मिळाले. सिस्टर जेराल्डीन या तेथील मठातल्या जोगिणीने त्यांच्यावर आईसारखी माया केली; मनोरमा तिला आजीबाई म्हणत असे. पण त्याच आजीबाईशी रमाबाईंनी पत्रांतून जो वाद घातला, तो वाचताना आजही मन थक्क होते. हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यानंतर तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी १८८५ साली स्पष्ट लिहिले. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती भाषा आमच्या संस्कृतापेक्षा कोणत्या बाबतीत श्रेष्ठ आहे, असाही प्रश्न त्यांनी केला. नवा धर्म मनापासून स्वीकारलेली आणि तरीही त्या धर्माच्या अधिकाऱ्यांपुढे आपली बुद्धी गहाण न टाकणारी ही स्त्री आपल्याला भेटते ती या पत्रांत. ज्या जोगिणीशी वाद झाला तिनेच ती पत्रे जपून ठेवली, एकत्र केली, आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. शारदासदन, केडगावचे मुक्तिसदन, हिब्रू व ग्रीकवरून केलेले आणि मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून छापले गेलेले मराठी बायबल, हे रमाबाईंचे कार्य लोकांना कमीअधिक माहीत आहे. मात्र त्या कार्यामागचा मनाचा पीळ कळायचा असेल, तर सिस्टर जेराल्डीनचे उपकार मानावे लागतात.

धर्मांतरानंतर नावाचे काय करायचे, हा प्रश्न इथल्या प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवला. नीळकंठशास्त्री गोरे १८४८ साली ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या झाले, तरी ग्रंथावर त्यांनी नेहेम्या आणि नीळकंठशास्त्री ही दोन्ही नावे ठेवली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण नावातले एक अक्षर बदलले नाही. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. मिशनच्या नोकरीत असताना आणि ती सोडल्यानंतर त्यांनी केलेली सही दिसायला सारखीच असेल, पण ती करणाऱ्या माणसाची भूमिका मधल्या काळात पालटलेली होती, आणि ते कळायला वर तारीख लागते.

आणखी एक अडचण जाणकार संग्राहकांनाच ठाऊक असते. अँग्लिकन बिशप सही करताना आडनाव लिहीत नाहीत. स्वतःचे नाव आणि त्यापुढे आपल्या धर्मप्रांताचे नाव लिहितात. कँटरबरीचे आर्चबिशप नावापुढे 'कँटुआर' हे कँटरबरीचे लॅटिन संक्षिप्त रूप लिहितात. पुणे कॅम्पातील सेंट मेरीज चर्चचे पवित्रीकरण १८२५ साली ज्यांनी केले, ते कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर 'रेजिनाल्ड कलकत्ता' अशी सही करत. अशी पट्टी जुन्या बाजारात एखाद्याच्या हाती लागली, तर तो कोण्या कलकत्ता आडनावाच्या गृहस्थाचा शोध घेत बसेल.

याउलट एक दाखला कोणी पुढे करील, म्हणून त्याचा विचार करणे भाग आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४६ साली मोलुकास बेटांतील अंबोइनाहून युरोपातील आपल्या सोबत्यांना कळवले की, तुमच्या पत्रांखालची तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेली नावे मी कापून घेतली आहेत आणि ती नेहमी जवळ बाळगतो. ज्यांना पुन्हा पाहण्याची आशा जवळपास नव्हती, अशा मित्रांची ती नावे होती. मला हे फार हृद्य वाटते. पण झेवियर यांनी ती पत्रे वाचली होती, लिहिणाऱ्यांना ते जिवाभावाने ओळखत होते, आणि ती नावे त्यांनी विकायला काढली नव्हती.

आता आपल्या गावापुरते. पुण्यातील जुन्या चर्चांमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदपुस्तके आहेत, आणि नोंदीसमोर विधी करणाऱ्या पाळकाची सही असते. ब्रिटिश अमदानीत अशा नोंदींच्या नकला लंडनला जात आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत पाहता येतात. परंतु त्या नकला आहेत, अस्सल सही इथल्याच पुस्तकात. शिवाय कित्येक ख्रिस्ती घरांत आजोबा-पणजोबांना आलेली पाळकांची पत्रे ट्रंकेत पडून आहेत. माझी विनंती अशी की, या कागदांना सेलोटेप लावू नये, ते लॅमिनेट करू नयेत, कारण लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. दोन्ही बाजूंचे आणि टपालाचा शिक्का असलेल्या पाकिटाचेही छायाचित्र घ्यावे, आणि पत्र कोणाकडून कोणाला आले ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे. विश्वासाने लिहिलेले खासगी मजकूर लगेच उघड करावेत, असे माझे म्हणणे नाही. मदर तेरेसा यांनी आपली आध्यात्मिक पत्रे नष्ट करावीत अशी इच्छा व्यक्त केली होती, आणि ती २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना वेदना झाल्या. असे कागद ठरावीक वर्षे बंद ठेवण्याची सोय करता येते.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव फिरून दप्तरे वाचवली आणि १९१० साली याच शहरात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. चर्चच्या पंचकमिट्यांनी मंडळासारख्या संस्थांशी बोलून आपल्या नोंदपुस्तकांचे छायाचित्रण करून घ्यावे, मूळ पुस्तके मात्र चर्चमध्येच राहावीत. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी कापलेल्या स्वाक्षरीऐवजी संपूर्ण पत्र मांडण्याचा आग्रह धरावा. आणि आपण आपल्या रविवार पुरवणीत अशी एकेक अखंड पत्रे, ज्यांच्याकडे ती आहेत त्यांच्या परवानगीने, छापावीत, अशी आपणांस नम्र विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, पुणे