फिट की अनफिट, एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोक्याला चेंडू लागला की हल्ली क्रिकेटमध्ये काय होतं, हे आपल्या क्रीडा पानामुळे शाळकरी पोरांनाही पाठ झालं आहे. फिजिओ धावत मैदानात येतो, चार प्रश्न विचारतो, शंका आली तर खेळाडूला बाहेर काढतात आणि त्याच्या जागी दुसरा उतरवतात. आयसीसीने हा बदली खेळाडूचा नियम ऑगस्ट २०१९ पासून लागू केला. त्याच महिन्यात लॉर्ड्स कसोटीत आर्चरचा उसळता चेंडू मानेला लागून स्टीव्ह स्मिथ कोसळला. थोड्या वेळाने तो परत येऊन फलंदाजीही करून गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास जाणवू लागला. त्याच्या जागी लाबुशेन आला. स्मिथ पुढच्या कसोटीलाही मुकला. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, तरी त्याने डाव संपेपर्यंत फलंदाजी केली. मग बदली म्हणून चहल आला, तीन बळी घेऊन सामनावीर ठरला, आणि ‘एवढा ठणठणीत खेळत होता, मग मध्येच काय झालं?’ यावर भरपूर काथ्याकूट झाला.

हा शेवटचा प्रश्न मी नोकरीच्या काळात, बॅटही हातात न धरलेल्या माणसांबद्दल इतक्यांदा ऐकला आहे की हे पत्र लिहावंसं वाटलं.

मी एका कारखान्याच्या आस्थापना विभागात होतो. रजा, हजेरी, मेडिकल बिलं, अपघाताचे कागद, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आजारपणानंतर रुजू होणाऱ्याचं फिटनेस सर्टिफिकेटही. हात मोडलेल्या माणसाचं सर्टिफिकेट वाचायला सोपं. प्लास्टर निघालेलं सगळ्यांना दिसतं. डोक्याला मार लागलेल्याचं सर्टिफिकेटही तसंच एका ओळीचं असे: अमुक तारखेपासून कामावर रुजू होण्यास तंदुरुस्त. खाली सही-शिक्का. सोबत सीटी स्कॅनचा रिपोर्ट, सर्व नॉर्मल. मग खात्याचे साहेब म्हणणार, रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग आठ तास काम करायला काय होतंय?

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा दुखापतीनंतर ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ या उत्तराने कोणाचंच काम भागत नाही. किती तास, कोणतं काम आणि पुन्हा कधी तपासायचं, हे त्या कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे.

आधी त्या नॉर्मल रिपोर्टचं. सीटी स्कॅन काढतात ते मुख्यतः रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर शोधायला. ज्याला डॉक्टर मेंदूची सौम्य इजा म्हणतात, तिच्यात तो बहुधा स्वच्छच येतो. इजा सौम्य आहे हे ठरतं सुरुवातीच्या तासांवरून. बेशुद्धी अर्ध्या तासाहून जास्त नाही, मार लागल्यानंतरचा आठवणीतून पुसला गेलेला काळ एका दिवसाच्या आत, आणि ग्लासगो कोमा स्केलवर १३ ते १५ गुण. हे स्केल टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली मांडलं. डोळे कधी उघडतो, बोलतो कसा, हातपाय कसे हलवतो, यावर गुण द्यायचे. पंधरापैकी पंधरा मिळवणाऱ्याला महिनाअखेरच्या हिशेबाचा मेळ घालता येईल का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ते केलेलंच नाही.

धक्का बसला की मेंदूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. हे पूर्ववत करायला पेशींना एरवीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा आखडलेला असतो. आस्थापनेच्या भाषेत सांगायचं तर खर्च वाढलेला आणि आवक घटलेली. सीटी स्कॅनवर यातलं काहीच उमटत नाही.

आमच्या हिशेब खात्यातली एक सहकारी जिन्यात घसरून पडली आणि डोक्याची मागची बाजू पायरीवर आपटली. बेशुद्ध झाली नाही, पण त्यानंतर जिना उतरून खाली कशी आली ते तिला आठवत नव्हतं. रजा संपली, सर्टिफिकेट आलं, ती रुजू झाली. सकाळी दहाला ती पूर्वीसारखीच दिसे. अकराच्या सुमाराला दोन फोन एकदम वाजत, समोर कोणीतरी व्हाउचर धरून उभं असे, मागे प्रिंटर खडखडत असे, आणि हातातला आकडा निसटून जाई. आकडे कोणाचेही निसटतात. पण तो परत शोधायला तिला तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागे, आणि त्यातच कपाळ ठणकायला लागे. स्क्रीनवरचा तक्ता भरभर वरखाली केला की गरगरे. ट्यूबलाइट डोळ्यांत खुपे. रोजचे शब्द ऐनवेळी सापडत नसत. जेवणाच्या सुट्टीत सगळे गप्पा मारत बसत तेव्हा ती रेकॉर्ड रूममध्ये डोळे मिटून बसे; त्यावरून ‘हल्ली माणसांत मिसळत नाही’ अशी चर्चा झाली. तीननंतर तिचा तोल जाई. आयुष्यात कधी आवाज न चढवणारी बाई शिपायावर खेकसली आणि मग स्वतःच रडत बसली. सुट्टीत आराम मिळून बरं वाटे, म्हणून सोमवारी ती साठलेलं सगळं काम उपसून काढी. मंगळवारी गैरहजर.

हा सोमवार-मंगळवारचा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण हजेरीपटावर तोच दिसतो आणि साहेबांना त्यात कामचुकारपणा दिसतो. खरं तर तो उलटा आहे. बरं वाटलं की माणूस मागचं सगळं भरून काढायला जातो, झेपेल त्याच्या दुप्पट करतो आणि मग दोन दिवस आडवा होतो. असं वारंवार झालं की त्याचा स्वतःवरचाच भरवसा उडतो. तिच्याबद्दल कानावर आलेली वाक्यं मासलेवाईक होती. ‘बोलते तर व्यवस्थित.’ ‘सुट्टी संपली की बरी आजारी पडते.’ आणि अनुभवी चेहरा करून, ‘मनाचं आहे सगळं, मन खंबीर पाहिजे.’ (मला या लोकांची गंमत वाटे. कामचुकार माणूस डोकं आपटण्याची वाट बघत बसत नाही, त्याच्याकडे कारणांचा साठा कायमच तयार असतो.)

मग महिनाभर पडदे ओढून झोपवूनच ठेवायचं का? तसंही नाही. घरची माणसं मायेपोटी नेमकं हेच करतात, म्हणून जरा जोर देऊन लिहितो. सल्ला असा आहे की पहिले एक-दोन दिवस बेताने घ्यायचं, तेही चोवीस तास अंथरुणात नव्हे, आणि मग हळूहळू चालणं-फिरणं, वाचणं, काम वाढवत न्यायचं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डोक्याला मार लागलेल्या मुला-तरुणांपैकी काहींना पाच दिवस सक्त विश्रांती सांगितली, बाकीच्यांना नेहमीची एक-दोन दिवसांची. सक्त विश्रांती घेतलेल्यांनीच जास्त त्रास सांगितला.

खेळाडूंसाठी २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला तज्ज्ञांची परिषद झाली. तिच्या मार्गदर्शनात एक फार उपयोगी माप आहे. आपल्या त्रासाला शून्य ते दहा गुण द्यायचे. व्यायामाने तो दोन गुणांपर्यंत वाढला आणि तासाभरात उतरला, तर घाबरण्याचं कारण नाही. त्याहून वाढला किंवा रेंगाळला, तर तेवढ्यावर थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा. हे माप मैदानासाठी आहे, पण डॉक्टरांना विचारून टेबलावरच्या कामालाही ते लावून बघता येईल असं मला वाटतं. निदान ‘दुखतंय’ आणि ‘काही होत नाही’ या भांडणापेक्षा ते बरं. खेळाडूला परत उतरवायला सहा पायऱ्या आहेत, एकेका पायरीला किमान चोवीस तास. कामगाराला एकच पायरी: गेटवरचं पंचिंग.

त्या सहकारीच्या बाबतीत शेवटी एका जाणत्या डॉक्टरांनी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहून दिली. सुरुवातीला अर्धा दिवस, आणि तो सकाळचा. अधूनमधून स्क्रीनपासून उठायचं, त्रास व्हायची वाट न बघता. फोन दुसऱ्याकडे. महिनाअखेरचा मेळ सध्या नको, व्हाउचरं लावून ठेवण्याचं काम चालेल. सूचना कोणी तोंडी देऊ नयेत, लिहून द्याव्यात. आठवड्याने दाखवायला या. त्यात शेवटी एक सूचना होती, ती मी पुढे कितीतरी खातेप्रमुखांना ऐकवली: ज्या आठवड्यात तास वाढवाल त्यात काम अवघड करू नका, आणि काम अवघड कराल त्यात तास वाढवू नका. दोन्ही एकदम वाढवलं तर त्रास कशाने झाला हेच कळत नाही. कंपनीला या सगळ्याचा खर्च म्हणाल तर एक टेबल कोपऱ्यात सरकवावं लागलं. वर्षअखेरच्या हिशेबाला ती पूर्ण वेळ होती. फोन मात्र शेजारच्या टेबलावरच राहिला.

टेबलावर फार तर आकडा चुकतो. शिडीवर चढणारा, क्रेन चालवणारा, प्रेसवर काम करणारा, ट्रक हाकणारा यांची गोष्ट निराळी. तिथे क्षणाची चक्कर किंवा ब्रेक दाबायला झालेला जरासा उशीर पुरतो, आणि पहिली इजा भरून येण्याआधी डोक्याला दुसरा मार बसणं फारच वाईट. अशांना ‘हलकं काम द्यावं’ एवढंच लिहू नये. हलकं म्हणजे काय हे सुपरवायझरवर सोडलं तर तो रात्रपाळीच्या पहाऱ्याला बसवतो, आणि या दुखण्यात झोप मोडणं महागात पडतं.

‘अशी सवलत दिली तर उद्या सगळेच डोकं धरून बसतील,’ हे मी अनेक मिटिंगांत ऐकलं. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. नोकरदारांवरच्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१४ साली आला. त्यानुसार बहुतेक जण तीन ते सहा महिन्यांत कामावर परततात. म्हणजे कोणी जन्मभराची सवलत मागत नाही. त्याच आढाव्यात, परतायला ज्यांना जास्त वेळ लागतो त्यांच्यात कमी शिकलेले आणि कामात स्वतःच्या मनाने काही ठरवण्याची मुभा नसलेले लोक येतात. मला नवल वाटलं नाही. अधिकाऱ्याचं डोकं दुखलं की तो केबिनचं दार लावतो, दिवा मालवतो, मिटिंग उद्यावर ढकलतो. टप्प्याटप्प्याने परतणं म्हणतात ते हेच, फक्त त्याला कोणाची चिठ्ठी लागत नाही. असेंब्ली लाइनवरच्या माणसाला पट्टा थांबवता येत नाही. कागदावर तपशील हवा तो त्याच्यासाठी. रोजंदारीवरच्या माणसाला तर अर्धा दिवस काम म्हणजे अर्धी मजुरी, आणि त्याच्यापुढे माझी ही सूचना तोकडी पडते, हे मला दिसतं.

डॉक्टरांनाही एक विनंती. महिना-दीड महिना उलटूनही त्रास हटत नसेल तर ‘वेळ लागेल’ म्हणून पाठवून देऊ नका. चक्कर कधी कानाच्या आतले बारीक कण जागचे हलल्याने येते. डोकं ठरावीक पद्धतीने वळवून ते जागेवर आणता येतात. डोकेदुखी कधी मानेतून येते, तिला फिजिओथेरपी लागते. वाचताना अक्षरं दुहेरी दिसत असतील तर दोन डोळ्यांचा जवळ बघताना मेळ बसत नसेल. आणि साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस घेत राहिलं तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, हे तर कितीजणांना माहीतही नसतं. झोप, उदासी, धास्ती यांवरही उपचार आहेत, आणि ‘मनाचं आहे’ म्हणून उडवून लावण्यापेक्षा तेवढं केलं तरी पुष्कळ.

मार नुकताच लागला असेल आणि डोकेदुखी वाढतच चालली, उलट्या थांबेनात, आकडी आली, बोलणं अडखळलं, हातापायातली शक्ती गेली किंवा माणूस उठवूनही नीट जागा होईना, तर मात्र कामाचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावं.

फिटनेस सर्टिफिकेटचा नमुना बहुतेक ठिकाणी कोणीतरी कधीकाळी टाइप केलेला असतो आणि नंतरचे सगळे त्याच्याच झेरॉक्स काढत राहतात. त्यात दिवसाला किती तास, कोणती कामं टाळायची, फेरतपासणीची तारीख, अशा ओळी घालायला कोणाची परवानगी लागत नाही. निवृत्त होण्यापूर्वी आमच्या नमुन्यात आम्ही त्या घातल्या. सुरुवातीला डॉक्टर त्या कोऱ्या सोडून नुसती सही करून देत. मग आम्ही ते कागद परत पाठवायला लागलो, तेव्हा भरून यायला लागले.

आपला,
आस्थापना विभागातून निवृत्त झालेला एक वाचक