आटे शाबूत, पण हाडानं धरलं नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शिवाजी उद्यमनगरात छत्तीस वर्षं मी लेथवर काम करतो. गेल्या श्रावणात माझ्या पत्नीच्या खालच्या दाढेच्या जागी बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू हलायला लागला. बसवून चारच महिने झाले होते. डॉक्टरांना तो काढताना जोर लावावा लागला नाही, हिला कळही आली नाही. "हाडानं धरलं नाही," एवढंच ते म्हणाले. काम त्यांनी मनापासून केलं होतं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

तो स्क्रू मी मागून घेतला आणि दुकानात भिंगाखाली धरला. आटे एकसारखे, कुठं चीर नाही, टोक शाबूत. आमच्याकडं असा जॉब आला असता तर मी डोळे झाकून पास केला असता. पण आट्यांच्या खाचांत हाडाचा कणसुद्धा नव्हता. जॉब चांगला असून सुटला कसा, हे मला झोपू देईना. शेवटी बायोकेमिस्ट्री शिकणाऱ्या मुलीनं समोर बसवून समजावलं.

टायटॅनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, जेमतेम काही नॅनोमीटरचा. आम्ही मायक्रॉनमध्ये बोलणारी माणसं. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. हाडाची गाठ पडते ती या थराशी. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम निघेनासं झालं, तिथून हा शोध लागला, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. पुढं सँडब्लास्ट करून, ॲसिडनं खरबरीत करून पकड वाढवली गेली.

पण खरबरीतपणा हाडाच्या पेशीला बोलावून आणत नाही, आणि जंतूही तिथंच घर करू शकतात. इथं पेप्टाइड येतात, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या माळा. जपानच्या सानो आणि शिबा यांनी २००३ मध्ये टायटॅनियमला धरणारी सहा मण्यांची माळ दाखवून दिली: आर्जिनिन, लायसिन, ल्युसिन, प्रोलिन, ॲस्पार्टिक आम्ल, ॲलानिन. ती सापडली पाखडून. तऱ्हेतऱ्हेच्या माळा अंगावर वागवणारे असंख्य विषाणू धातूवर ओतायचे, धुवायचे, चिकटून राहिलेले वाढवायचे, पुन्हा ओतायचे. या पद्धतीचे जनक जॉर्ज स्मिथ यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं. ही माळ चांदीलाही धरते, सोन्याला धरत नाही. चांदीकाम करणाऱ्या हुपरीच्या कारागिरांनी हे जरूर ऐकावं. धन आणि ऋण भारांच्या ओढीनं ती बसते, डिंक लागत नाही, भट्टी लागत नाही. एक टोक धातूला धरून बसलं की दुसऱ्या टोकाला पेशींना ओळखीची वाटणारी माळ जोडता येते. आर्जिनिन, ग्लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल ही तीन मण्यांची खूण पेशी ओळखतात, हे १९८४ पासून माहीत आहे.

मला हे ऐकून भरून आलं, पण टर्नर म्हणून शंकाही आल्या. स्क्रू हाडात फिरवताना आट्यांच्या कडेवरचा हा थर घासून जाणार नाही का? प्लेटिंग सगळ्यात आधी कडेवरच उडतं, हे इथला पोऱ्याही सांगेल. निर्जंतुक करताना उष्णतेनं माळ बिघडली तर? शरीरातली एन्झाइम ती तोडतात, मग हाड धरेपर्यंत ती टिकायला नको का? मुलगी म्हणाली, शास्त्रज्ञही याच प्रश्नांशी झगडताहेत, आणि बरंचसं काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच आहे.

म्हणजे निम्मे प्रश्न आमच्या धंद्याचे आहेत. आट्याची कड किती गोल ठेवावी, घासण कुठं जास्त होते, पृष्ठभाग कसा स्वच्छ करावा, हे उद्यमनगर आणि शिरोलीतल्या माणसांच्या हाताला ठाऊक आहे. शिवाजी विद्यापीठात धातूवरच्या पातळ थरांवर वर्षानुवर्षं संशोधन चालतं. दोघांमध्ये अंतर काही किलोमीटरचं, तरी माझ्या अख्ख्या कारकिर्दीत या विषयावर एकाही प्राध्यापकाशी माझं बोलणं झालेलं नाही. माझी कळकळीची विनंती आहे: विद्यापीठानं उद्यमनगरातच, मराठीत, एक खुली बैठक घ्यावी. दंतवैद्य आणि हाडांचे डॉक्टर यांनाही बोलवावं. सुट्टीच्या दिवशी ठेवली तर कामगारही येतील. आपण या विषयावर सविस्तर लेख छापलात तर त्याची सुरुवात होईल.

हिचा दुसरा स्क्रू दिवाळीनंतर बसायचा आहे. तोवर ती एकाच बाजूनं चावते, भाकरी दुधात कुस्करून खाते. पहिला स्क्रू माझ्या टूलबॉक्समध्ये डबीत जपून ठेवलाय. बैठक ठरली तर तो आणि भिंग घेऊन मी येईन.

आपला नम्र,
एक टर्नर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर