डॉप्लर यंत्र आणि मातांच्या खोलीसाठी आवाहन

सर्व सभासद, हितचिंतक आणि जुन्या देणगीदारांस,

सप्रेम नमस्कार.

नवजात कक्षासाठी आपण इन्क्युबेटर मागितला, तेव्हा महिना उलटायच्या आत दोन दारात उभे राहिले. निवृत्तीच्या पैशांतून वॉर्मर देणारे आपले माजी कोषाध्यक्ष, नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचा समारंभ न करता ती रक्कम आणून देणारे आजी-आजोबा, रात्रपाळी संपल्यावरही बाळाला छातीशी कसं धरायचं हे आयांना शिकवायला थांबणाऱ्या आपल्या परिचारिका, या सगळ्यांचं ऋण मंडळ विसरलेलं नाही. त्या कक्षातून घरी गेलेली कमी दिवसांची बाळं आज शाळेत जातात. याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो आम्ही बोलून दाखवणारच.

या वेळचं मागणं मात्र कक्षापर्यंत न पोचणाऱ्या बाळांसाठी आहे: पोटातल्या बाळाचा रक्तप्रवाह ध्वनिलहरींनी दाखवणारं डॉप्लर यंत्र, आणि बाळ गमावलेल्या आयांसाठी एक खोली.

वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव, नीट काम करेनाशी झाली की बाळाला प्राणवायू आणि पोषण कमी पडतं आणि वाढ खुंटते. आईचा रक्तदाब वाढलेला असेल तर हा धोका अधिक. गरोदरपणाच्या ३२ आठवड्यांच्या आत हे सुरू झालं तर फारच गंभीर. बाळ मिळेल तेवढं रक्त मेंदूकडे वळवतं, गर्भजल कमी होतं, हालचाल मंदावते. अशा बाळाला लवकर बाहेर काढावं तर फुप्फुसं कच्ची, थांबावं तर ते पोटातच जाण्याची भीती. हा निर्णय अंदाजाने घ्यायचा नसतो. नाळेतला रक्तप्रवाह डॉप्लरवर दिसतो. दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह थांबला किंवा उलटा फिरला की हाताशी थोडाच वेळ उरलाय हे डॉक्टरांना कळतं, आणि प्रसूतीआधी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देता येतात. त्यांनी कमी दिवसांच्या बाळाचा श्वास सावरतो, हे लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी न्यूझीलंडमध्ये १९७२ सालीच दाखवून दिलं.

आपल्या डॉप्लर यंत्राचा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा भाग, निकामी झाला आहे आणि जुन्या यंत्राला नवा मिळत नाही. मानधन न घेता येणारे आपले डॉक्टर सध्या टेपने पोट मोजून आणि ठोके ऐकून काम भागवतात.

मागच्या वेळी हेच मागितलं, तेव्हा उत्तरं बोटांवर मोजण्याइतकी आली. ‘यात दाखवण्यासारखं काय?’ असंही विचारलं गेलं. ते मनाला लागलं. इन्क्युबेटरमधल्या बाळाचा फोटो अहवालात छापता येतो, पोटात गेलेल्या बाळाचा नाही, हे खरं. पण जगात दरवर्षी सुमारे १९ लाख बाळं २८ आठवड्यांनंतर मृत जन्मतात, आणि त्यांच्या आयांना बऱ्याचदा इतरांच्या रडणाऱ्या बाळांशेजारीच खाट मिळते. म्हणून वॉर्डाच्या टोकाची खोली आम्हाला त्यांच्यासाठी वेगळी करायची आहे. अशा प्रसूतीनंतर वारेच्या तपासणीचा खर्चही मंडळ उचलू इच्छितं, कारण पुढच्या गरोदरपणात काय जपायचं हे त्यातून बरेचदा कळतं.

देणगी धनादेशाने मंडळाच्या नावे किंवा रोख, कोषाध्यक्षांकडे, पावती घेऊनच. पुढच्या मासिक सभेपूर्वी, कारण यंत्राची मागणी त्याच दिवशी नोंदवायची आहे. खोलीसाठी पडदे, खाट, आरामखुर्ची वस्तुरूपात चालेल, आधी विचारून. आयांजवळ बसायला दुपारच्या स्वयंसेविका हव्यात. नावं कार्यालयात द्यावीत. आणि घरात कोणी गरोदर असेल व बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न पाहता तिला लगेच दवाखान्यात न्यावं.

आपली,
कार्यवाह