सँडबीच्या छावण्या

लंडन

तीर्थस्वरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईला फोनवर खुशाली कळतेच, म्हणून हे पत्र फक्त चित्रांबद्दल. ब्रिटिश म्युझियममध्ये जुनी रेखाटनं बघायची एक खोली आहे. आधी वेळ ठरवून गेलं की चित्र थेट टेबलावर आणून देतात, तेही फुकट. शाईचं पेन चालत नाही, टिपणं पेन्सिलीनेच घ्यायची. मी पॉल सँडबी या जुन्या इंग्रज चित्रकाराची 1780 सालची लष्करी छावण्यांची चित्रं मागितली होती.

त्या जूनमध्ये इथे मोठी दंगल झाली. कॅथलिकांवरचे निर्बंध सैल करणारा कायदा नको म्हणून लॉर्ड जॉर्ज गॉर्डनच्या मागे जमाव निघाला आणि त्याने न्यूगेटचा तुरुंगही जाळला. बंदोबस्ताला आणलेल्या पलटणींनी मग हाइड पार्क, सेंट जेम्स पार्क आणि म्युझियमच्या बागेतसुद्धा तंबू ठोकले. सँडबी राहायचा हाइड पार्कला लागूनच, बेझवॉटरला. विषय दारातच चालून आला.

बाबा, ते तंबू तुम्ही बघायला हवेत. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांना तुम्ही सांगायचात, ‘पांढरा रंग डबीत नाही, कागदात शोधा.’ इथे तंबू म्हणजे राखलेला कागदच. भोवतीने वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, फिरवलाय, एका अंगाला पातळ करडी सावली दिलीय, तेवढ्यावर कापड दोरीला ताणलेलं दिसतं. जमिनीचे चढउतारही किती कमी रेघांत! तरुणपणी तो स्कॉटलंडच्या लष्करी मोजणीत नकाशे काढायचा, ती सवय हातात राहिली असणार.

आणि ही छावणी नुसती शिपायांची नाही. शहरातली मंडळी नटूनथटून ती बघायला यायची, त्यांनाही त्याने झाडांखाली जागा दिलीय. एक गोष्ट मात्र मला खटकते. काही आठवड्यांपूर्वीच याच शहरात शिपायांच्या गोळ्यांनी शेकडो माणसं मेली होती आणि चित्रात सगळं जत्रेसारखं निवांत. हात विलक्षण आहे, पण ही शांतता मला अपुरी वाटते. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांच्या गोडार्ड या सेनानीने आपला वसईचा किल्ला मराठ्यांकडून घेतला. तेव्हा किल्ल्याबाहेरही असेच तंबू असतील, एवढंच डोक्यात येत राहिलं.

जलरंग उजेडाने उडतात, म्हणून ही चित्रं कायम भिंतीवर लावत नाहीत, पेट्यांत जपतात. तेव्हा एक विनंती. तुमची किल्ल्याची चित्रं हॉलमधल्या खिडकीसमोर आहेत, ती आजच उतरवा. आतल्या खोलीत कपाटामागची भिंत ओल धरते, तिथेही नको. कोरड्या कपाटात, मध्ये स्वच्छ कागद घालून सपाट ठेवा, गुंडाळू नका. मी दिवाळीला आलो की दोघं मिळून नीट माउंट करू.

आईला नमस्कार.

तुमचा,
नंदू