अंगणात एक काळा मग ठेवाल का?

इंदूरच्या रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर आणि आसपासच्या सगळ्या मराठी कुटुंबांना नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला आहे. गणपती बसतात तोवर कुणाकुणाच्या घरी डेंग्यूचा ताप येऊन गेलेला असतो. मग गल्लीत धुराची गाडी फिरते आणि चार दिवसांत डास पुन्हा हजर. यंदा मंडळाच्या आरोग्य समितीने ठरवलं आहे की तापाची वाट न पाहता डासांची अंडी आधी शोधायची आणि ती कोणत्या जातीची आहेत तेही पाहायचं. त्यासाठी घराघरात डासांना अंडी घालायला एक काळा मग (कप) ठेवायचा आहे आणि त्यात तुमची मदत हवी आहे.

डास तो डास, जात कशाला बघायची, असं बैठकीत काहींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण एखादी परकी जात नव्या जागी शिरली की काय होतं ते पाहा. आपल्या गच्चीवरच्या टाकीत वाढणारा, शहरात मलेरिया पसरवणारा अॅनोफिलिस स्टीफेन्सी हा मूळचा आपल्याच दक्षिण आशियातला. २०१२ साली तो आफ्रिकेतल्या जिबुतीत सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये हा आकडा ७३ हजारांच्या पुढे गेला. या वाढीत स्टीफेन्सीचा मोठा वाटा मानला जातो, कारण तो शहरातल्या साठवणीच्या स्वच्छ पाण्यात आरामात वाढतो. पुढे तो इथिओपिया, सुदान, नायजेरियातही आढळला. श्रीलंका २०१६ मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाली आणि त्याच सुमारास तिथल्याच मन्नारला हा डास मिळाला. तिथे शोध चालू होता, म्हणून कळलं.

उलट दिशेनेही हेच घडलेलं आहे. डेंग्यूचा एडिस इजिप्ती आज घरचाच वाटतो, पण तो मूळचा आफ्रिकेतला. त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस १९८५ मध्ये अमेरिकेत टेक्सासला पाय रोवून बसला, तो जुन्या टायरांतून आशियातून गेलेला. एडिसची अंडी कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात आणि टायरात पाणी साचलं की फुटतात. इंदूर आग्रा-मुंबई रस्त्यावर आहे, इथे रोज ट्रक रिकामे होतात, टायर येतात-जातात. त्यात नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून घरोघरी हौद, ड्रम, टाक्या भरलेल्या. नव्या पाहुण्या डासाला आणखी काय हवं?

आणि तो ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. २०१८ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास भागात एडिस जपोनिकस हा परका डास पहिल्यांदा लक्षात आला, तो एका सामान्य नागरिकाने मोबाइलवरून पाठवलेल्या फोटोमुळे.

आपली पद्धत सोपी आहे. काळ्या मगात अर्धं पाणी, आत खरखरीत कागदाची पट्टी, आणि हा मग ठेवायचा अंगणात किंवा जिन्याखाली सावलीत. एडिसची मादी पाण्याच्या काठाशी त्या पट्टीवर अंडी घालते. दर रविवारी स्वयंसेवक पट्टी बदलतील आणि तो मग घासून धुतील. हे आठवड्याला झालंच पाहिजे. पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि विसरलेला मग स्वतःच डासांचं घर होतो. म्हणून जे नेमाने दार उघडतील त्यांनीच मग मागून घ्यावा, ही कळकळीची विनंती. स्टीफेन्सी पट्टीवर सापडत नाही, त्याची अंडी पाण्यावर तरंगतात. त्यासाठी पांढऱ्या पळीने टाकीतलं पाणी काढून अळ्या पाहाव्या लागतील. तेव्हा गच्चीवर यायची परवानगी द्या.

अंडी मोजून, अळ्या बंद डब्यात वाढवून प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांकडून जात ओळखून घेऊ. वेगळं काही दिसलं तर नमुना त्याच दिवशी जिल्हा मलेरिया कार्यालयात पोचवू. कोणत्या घरी काय सापडलं ते बाहेर सांगणार नाही. अंडी मिळाली म्हणून कुणाला बोल लावायचा नाही.

पैसे लागणार आहेत ते मुख्यतः एका चांगल्या सूक्ष्मदर्शकासाठी. मग, पट्ट्या, हातभिंगं यांचा खर्च किरकोळ आहे. १०० रुपयेही चालतील, पावती मिळेल. कुणाकडे वापरात नसलेला सूक्ष्मदर्शक असेल तर तो द्या, पैशांपेक्षा बरा. कॉलेजातल्या मुलामुलींनी रविवारची सकाळ द्यावी. टायरची, भंगारची दुकानं असलेल्या मंडळींनी आपल्या आवारात एक तरी मग ठेवू द्यावा, सगळ्यात जास्त गरज तिथेच आहे.

नावं मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी सहा ते आठ घेतली जातील. पहिला जोराचा पाऊस पडण्याआधी मग घरोघरी पोचायला हवेत.