बाबांच्या खुब्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, डॉक्टरांनी खुबा बदलायला सांगितल्यापासून तुमचं एकच चाललंय, प्लॅस्टिकची वाटी हाडात बसवली तर टिकणार किती? एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलेला माणूस दुसरं काय विचारणार! म्हणूनच तुम्हाला हॅरी क्रेव्हनची गोष्ट सांगते.

इंग्लंडमध्ये विगनजवळच्या रायटिंग्टन हॉस्पिटलात जॉन चार्नली नावाचे सर्जन होते. खुब्यात स्टीलचा लहानसा, जेमतेम २२ मिलीमीटरचा गोळा बसवायचा म्हणजे घर्षण कमी होईल, हा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर होता, फसली ती वाटी. ती टेफ्लॉनची होती. माणसं आनंदाने चालू लागली, पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याच्या भुग्याने भोवतालचं हाडही खाल्लं. कितीतरी जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. तो भुगा शरीरात काय करतो हे बघायला चार्नलींनी टेफ्लॉन स्वतःच्याच मांडीत टोचून घेतलं!

१९६२ साली एक विक्रेता पॉलिएथिलीनचा तुकडा घेऊन आला. चार्नलींनी नख रुतवून पाहिलं आणि नाद सोडला. त्यांच्या वर्कशॉपातल्या क्रेव्हनने मात्र तो झिजेच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही, टेफ्लॉन एका दिवसात झिजलं असतं तेवढंही ते झिजलं नाही. त्याच नोव्हेंबरपासून चार्नली पॉलिएथिलीनच्या वाट्या बसवू लागले. आजचं प्लॅस्टिक त्याच घराण्यातलं, त्याहून चिवट. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दहापैकी जवळपास सहा खुबे २५ वर्षं टिकलेले आढळले. तुम्ही आत्ता बहात्तर. हिशेब तुमचा तुम्हीच करा.

आई, तुला जखम चिघळायची धास्ती आहे ना? चार्नलींनाही होती. त्यांनी ऑपरेशनच्या टेबलाभोवती गाळलेल्या हवेची खोलीच उभारली आणि सर्जनांना उच्छ्वास बाहेर खेचून नेणारे पोशाख घातले. आधी शंभरात सात-आठ जणांना संसर्ग व्हायचा, तो पुढे एकाच्याही खाली आला. तेव्हा डॉक्टरांना थिएटरातल्या हवेबद्दल बेधडक विचार, त्यात लाजायचं काही नाही.

उकिडवं बसणं मात्र आता बंद. प्लंबरशी बोलले आहे, तो सोमवारी कमोड बसवून जाईल. बाबा, त्याच्या डोक्यावर उभं राहू नका.

तुमची,
मनू